शिवेपलीकडचा माग

१ एप्रिल २०२३ रोजी मुंबईची एक तरुण अभिनेत्री शारजाच्या विमानतळावर उतरली. तिच्या सामानात एक ट्रॉफी होती. एका आंतरराष्ट्रीय वेब सिरीजची ऑडिशन आहे, त्यातल्या प्रसंगात ही हातात धरायची आहे, असं सांगून निघायच्या दिवशी ती तिच्याकडे सोपवली गेली होती. पोहोचल्यावर तिला कळलं, की जिथे उतरायचं त्या हॉटेलात तिच्या नावाने खोलीच नाही. तिने मुंबईला वडिलांना फोन लावला. काहीतरी गडबड आहे हे वडिलांनी ओळखलं, आणि तिने आपण होऊन विमानतळावरच्या पोलिसांना ट्रॉफीबद्दल सांगितलं. ट्रॉफी उघडली गेली. आत गांजा आणि खसखस निघाली.

क्रिसन परेरा हे तिचं नाव. ‘बाटला हाउस’ आणि ‘सडक २’ या चित्रपटांत तिने काम केलं आहे. त्यानंतरचे साडेतीन आठवडे तिने शारजाच्या तुरुंगात काढले.

खसखस वाचून आपल्याकडच्या वाचकाला प्रथम आठवतात ते दिवाळीतले अनारसे. आपल्या स्वयंपाकघरात ती वाटणात पडते, बाळंतिणीच्या खिरीत पडते. अमिरातीत मात्र तिच्यावर बंदी आहे, कारण ती अफूच्या बोंडातून येते. घरून निघताना डब्यात थोडी खसखस बांधून नेलेली साधी माणसंही तिथल्या विमानतळावर अडचणीत आलेली आहेत. तेव्हा ज्याने ही ट्रॉफी भरली त्याला तिथला कायदा किती कडक आहे हे नेमकं ठाऊक असणार. त्याला ना सुरा लागला, ना गुंड. दुसऱ्या देशाचा कायदाच त्याने हत्यार म्हणून वापरला.

या पुस्तकाचा विषय आहे ज्यांच्यावर गुन्हा घडला त्यांनीच गुन्हेगाराचा घेतलेला शोध. असा विषय म्हटला की डोळ्यांपुढे सिनेमा उभा राहतो: अन्याय झालेला नायक, अंधाऱ्या गल्ल्या, शेवटी हिशेब चुकता. वाचकाने ते चित्र इथेच बाजूला ठेवावं. खऱ्या आयुष्यात हा शोध म्हणजे बहुतेक वेळा एक फुगत गेलेली फाईल असते. फोनमधले जुने मेसेज, विमानाच्या तिकिटाची प्रत, बँकेची पावती, कोण कोणाला कधी भेटलं याची वहीत केलेली नोंद. आणि ती फाईल काखेत धरून एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात जाणारी आई किंवा बाप.

परेरा कुटुंबाची गोष्ट मी सर्वांत आधी सांगतो आहे, कारण ती अमिराती आणि महाराष्ट्र यांच्यामधल्या फटीत घडली आणि ती फट दाखवते. मुलगी शारजात अटकेत. गुन्हा तिथल्या दफ्तरी नोंदलेला. तिथल्या पोलिसांच्या हाती मुद्देमाल आहे आणि तो जिच्याकडे सापडला ती व्यक्तीही आहे. त्यांच्या दृष्टीने तपासाला आणखी लागतं काय? पण ट्रॉफी ज्याने भरली आणि ज्याने हातात दिली ते दोघेही समुद्राच्या अलीकडे, महाराष्ट्रात. त्यांनी शारजाच्या जमिनीवर पाऊल ठेवलेलं नाही. आणि मुंबईत तर कोणताच गुन्हा नोंदलेला नाही, कारण मुंबईत वरवर पाहता काही घडलेलंच नाही!

ही फट घरच्या माणसांनी भरून काढली. सगळ्याची सुरुवात आईच्या फोनवर आलेल्या एका मेसेजने झाली होती. आपण वेब सिरीजसाठी कलाकार शोधतो आहोत, असं सांगणाऱ्या ‘रवी’ नावाच्या माणसाचा तो मेसेज. आईने तो धागा सोडला नाही. कोणी मेसेज केला, मुलीला भेटायला कोण आलं, तिकीट कोणी काढलं, ट्रॉफी कुठे दिली गेली, हे सगळं एका ओळीत मांडून कुटुंब मुंबई पोलिसांकडे गेलं. भावाने लोकांसमोर येऊन बहिणीची बाजू मांडली. शारजात वकील द्यायचा होता, दंड झाला तर तो भरायचा होता, त्यासाठी राहतं घर गहाण टाकायची तयारी चालली होती. शेवटी मुंबई क्राइम ब्रँचने दोघांना अटक केली. एक बेकरी चालवणारा, दुसरा बँकेत अधिकारी. पोलिसांनी सांगितलं त्यानुसार कारण काय होतं? बोरिवलीतल्या इमारतीत काही वर्षांपूर्वी एका कुत्र्यावरून झालेलं भांडण. बेकरीवाल्याची बहीण त्याच इमारतीत राहायची. भुंकणाऱ्या कुत्र्याच्या अंगावर तो खुर्ची घेऊन धावला आणि मुलीच्या आईने त्याला चारचौघांत सुनावलं. तो राग त्याने मनात जपून ठेवला, असा आरोप आहे.

तपासात आणखीही एक गोष्ट बाहेर आली. हाच डाव इतर काही माणसांवरही टाकला गेला होता. त्यांतला एक तरुण आधीच शारजाच्या तुरुंगात होता. त्याच्याकडे ट्रॉफीऐवजी केक दिला गेला होता. एका घरच्या माणसांनी आपल्या मुलीसाठी काढलेला माग दुसऱ्या घराच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचला. अशा शोधाचं हे वैशिष्ट्य मला सर्वांत मोलाचं वाटतं. तो एकाच दुःखापाशी थांबत नाही.

‘माग’ हा शब्द मी जाणून वापरतो आहे. आपल्या गावगाड्यात माग काढणं ही एक व्यवस्था होती. चोरी झाली की गावचा जागल्या, बहुधा रामोशी, पावलांच्या खुणा पाहत निघायचा. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पेशवाईच्या मुलखाबद्दल १८१९ मध्ये जो अहवाल लिहिला, त्यात या पद्धतीची नोंद आहे. माग गावाच्या शिवेपर्यंत न्यायचा आणि शेजारच्या गावाला दाखवून द्यायचा. तिथून पुढे तो काढण्याची जबाबदारी त्या गावाची. ज्या गावच्या हद्दीत माग हरवला, त्याच्या माथी चोरीचा बोजा. या व्यवस्थेत अन्यायही पुष्कळ झाला असेल, मी तिचं गुणगान करत नाही. पण तिच्यात एक शहाणपण होतं. शीव ही माग संपण्याची जागा नव्हती. ती माग हातातून हातात देण्याची जागा होती.

शारजा आणि मुंबई यांच्यामधली शीव म्हणजे अरबी समुद्र. तिथे माग हाती घ्यायला कोण उभं असतं?

कागदावर पाहिलं तर बरंच काही आहे. भारत आणि अमिराती यांच्यात १९९९ मध्ये प्रत्यार्पणाचा करार झाला, फौजदारी प्रकरणांत एकमेकांना मदत करण्याचाही झाला. दाऊदचा भाऊ इक्बाल कासकर याला २००३ मध्ये दुबईने भारतात पाठवलं. ऑगस्टा वेस्टलँड हेलिकॉप्टर प्रकरणातला मध्यस्थ ख्रिश्चन मिशेल डिसेंबर २०१८ मध्ये दुबईहून दिल्लीत आणला गेला. म्हणजे वाट आहे. पण ती राज्यांची वाट आहे. मंत्रालयाकडून मंत्रालयाकडे पत्र जातं, भाषांतर होतं, शिक्के बसतात. शारजाच्या कोठडीत बसलेल्या मुलीला इतका वेळ नसतो.

आपला कायदाही या बाबतीत हात झटकत नाही, हे फार थोड्यांना माहीत असतं. भारतीय नागरिकाने देशाबाहेर गुन्हा केला तरी त्याच्यावर भारतात खटला चालू शकतो. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १८८ होतं, १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम २०८ आहे. त्यासाठी केंद्र सरकारची परवानगी लागते. अनेक पोलीस ठाण्यांत तक्रारदाराला ‘आधी दिल्लीची परवानगी आणा’ म्हणून परत पाठवतात. पण तपासाला त्या परवानगीची गरज नाही, खटला उभा राहताना ती लागते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगून ठेवलं आहे. दुबईहून रजा काढून आलेल्या माणसाला हे ठाऊक नसेल, तर त्याची दहा दिवसांची रजा त्या एका उत्तरात संपते.

अमिरातीच्या पोलिसांना मी कमी लेखत नाही, आणि वाचकानेही लेखू नये. एप्रिल २००७ मध्ये दुबईच्या वाफी मॉलमध्ये ऑडी गाड्या घुसवून हिऱ्यांच्या दुकानावर दरोडा पडला, तेव्हा ‘पिंक पँथर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टोळीचा धागा त्यांनी पकडला. जानेवारी २०१० मध्ये हमासचा महमूद अल मबहूह दुबईच्या एका हॉटेलात मारला गेला. मारेकरी खोटे पासपोर्ट घेऊन आले आणि निघूनही गेले. पण विमानतळ, हॉटेलचे व्हरांडे, लिफ्ट यांतल्या कॅमेऱ्यांचं चित्रण जोडून पोलिसांनी त्यांचे चेहरे महिन्याभरात जगासमोर ठेवले. ज्या देशात टॅक्सीत विसरलेली पर्स बहुतेक वेळा परत मिळते, तिथे पाकीटमाराच्या मागे लागायला कोणी स्वतः निघत नाही. लोकांना स्वतः निघावं लागतं ते गुन्ह्याचं दुसरं टोक त्या कॅमेऱ्यांच्या आवाक्याबाहेर असतं तेव्हा. अमिरातीत पस्तीस लाखांहून जास्त भारतीय राहतात. त्यांच्या आयुष्याचं दुसरं टोक कायमच बाहेर असतं: चिपळूणमध्ये, मालवणमध्ये, मडगावात, मालाडमध्ये.

शारजाच्या आधी चार वर्षं, जुलै २०१९ मध्ये, असंच एक प्रकरण शेजारच्या कतारमध्ये घडलं होतं. मुंबईचं एक तरुण जोडपं. नात्यातल्या आत्याने त्यांना मधुचंद्राच्या सहलीची भेट दिली आणि कोणाला तरी द्यायला एक पुडकं सोबत दिलं. दोहाच्या विमानतळावर त्यातून चार किलोच्या आसपास चरस निघाला. दोघांना दहा-दहा वर्षांची शिक्षा झाली. बायको गरोदर होती, तिची मुलगी तुरुंगातच जन्मली. तिच्या वडिलांच्या हाती लागला तो जावयाने मुंबईत मागे ठेवलेला जुना फोन. त्यात कॉल रेकॉर्ड होत असत. पुडक्यात जर्दा आहे, असं आत्या सांगते आहे, ते संभाषण त्यात सापडलं. तो आवाज घेऊन हा बाप नार्कोटिक्स कंट्रोल ब्युरोपर्यंत गेला, दिल्लीपर्यंत गेला. ब्युरोने इथे तपास केला, तो राजनैतिक मार्गाने कतारला पोहोचला, तिथल्या वरच्या न्यायालयाने खटला फेरसुनावणीला पाठवला आणि २९ मार्च २०२१ रोजी दोघे निर्दोष सुटले.

या प्रकरणात बापाने गुन्हेगाराला पकडलं नाही, कोणाच्या घरी जाऊन गचांडी धरली नाही. त्याने एक आवाज शोधला आणि तो ज्याच्या हाती द्यायला हवा त्याच्या हाती दिला. आधी मी माग शिवेपर्यंत नेऊन दाखवण्याबद्दल बोललो, तो हाच. माझ्या मनात आदर आहे तो या शोधाबद्दल.

आता पैशांकडे वळू, कारण आखातातल्या आपल्या माणसांना अमली पदार्थांपेक्षा जास्त वेळा लुटलं जातं ते कागदोपत्री. गोव्याचा सिडनी लेमोस दुबईत एक्झेन्शियल नावाची कंपनी चालवायचा. परकीय चलनाच्या व्यवहारात पंचवीस हजार डॉलर गुंतवा, वर्षाला १२० टक्के परतावा मिळेल, असं तिचं सांगणं होतं. इंडियन सुपर लीगमधल्या एफसी गोवा संघाच्या जर्सीवर त्याच्या कंपनीचं नाव झळकलं होतं. गोव्याच्या माणसाला यापेक्षा मोठी हमी कोणती हवी? आपला माणूस, आपला संघ. परिचारिका, ड्रायव्हर, विमान कंपन्यांतले कर्मचारी, अनेकांनी बँकेतून कर्ज काढून पैसे भरले. हप्ते थांबले. जुलै २०१६ मध्ये दुबईच्या आर्थिक विकास विभागाने कार्यालयाला टाळं लावलं.

त्यानंतर जे झालं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. हजारो लोकांचं नुकसान झालं होतं, पण तक्रार ज्याने त्याने आपली आपण द्यायची होती. आपापल्या कराराची प्रत, आपापल्या पैशांचा माग, त्याचं अरबीतलं अधिकृत भाषांतर. अमिरातीच्या न्यायालयांची भाषा अरबी आहे. परवानाधारक भाषांतरकाराने शिक्का मारल्याशिवाय इंग्रजी कागदाला तिथे वजन नाही, आणि ते भाषांतर पानागणिक पैसे मोजून करून घ्यावं लागतं. ज्यांचे पैसे आधीच बुडालेले होते, त्यांनी हे सगळं पदरच्या खर्चाने केलं. व्हॉट्सॲपवर गट झाले. कोणता फॉर्म कुठे मिळतो, कोणत्या ठाण्यात कोण नीट ऐकून घेतं, हे एकमेकांना कळवलं गेलं. एप्रिल २०१८ मध्ये खालच्या न्यायालयाने लेमोस आणि त्याच्या एका सहकाऱ्याला प्रत्येकी पाचशे वर्षांहून जास्त कैद सुनावली. तो आकडा जगभरच्या वर्तमानपत्रांत गंमत म्हणून छापला गेला. मला त्यात गंमत दिसत नाही. तो आकडा वेगवेगळ्या तक्रारींतल्या शिक्षांची बेरीज आहे. त्या पाचशे वर्षांमागे माणसं आहेत: रात्रपाळी संपवून, दोन तास झोपून, भाषांतराची पावती हातात घेऊन ठाण्यात रांग लावलेली.

तोच खेळ पुन्हा पुन्हा मांडला जातो. बुर दुबईतली ब्लूचिप ही कंपनी महिन्याला तीन टक्के देऊ करत होती; २०२४ मध्ये तिचे हप्ते बंद पडले आणि मालक भारतात निसटला. गुंतवणूकदार त्याचा पत्ता शोधत राहिले, भारतात तक्रारी दाखल झाल्या आणि नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस कानपूर पोलिसांनी त्याला देहरादूनमध्ये पकडलं. त्याच्यावरचे आरोप न्यायालयात सिद्ध व्हायचे आहेत. पण दुबईत पैसे बुडालेल्या माणसाला न्याय मागायला कानपूरला जावं लागतं, हा या काळाचा नकाशा आहे, आणि तो समजून घेतल्याशिवाय पुढची पानं नीट कळणार नाहीत.

व्यापाऱ्यांची गोष्ट थोडी वेगळी. नवी कंपनी निघते, चकचकीत कार्यालय थाटते, आधी रोखीने माल घेते, विश्वास बसला की पुढच्या तारखांचे चेक देऊन कोठारं भरते: धान्य, लॅपटॉप, सुकामेवा, टायर. चेक वटण्याच्या आधल्या आठवड्यात कार्यालय रिकामं आणि फोन बंद. एकेकाळी तिथे न वटलेला चेक म्हणजे सरळ तुरुंग होता. जानेवारी २०२२ पासून कायदा बदलला. खात्यात पैसे नाहीत एवढ्या कारणाने चेक परत आला तर तो आता बहुतांशी वसुलीचा दावा ठरतो. प्रामाणिक पण अडचणीत आलेल्या माणसाला तुरुंगात टाकू नये, म्हणून झालेला हा बदल मला योग्य वाटतो. पण त्यामुळे ठकवण्याच्या हेतूनेच आलेल्या माणसाचा हेतू सिद्ध करण्याचं ओझं फसलेल्या व्यापाऱ्यावर येऊन पडतं. म्हणून तो स्वतःच कोठारांच्या वस्तीत फिरतो, आपल्या मालाचे खोके कोणाच्या दारात उतरलेत ते पाहतो, त्याच माणसाने आणखी कोणाकोणाला असे चेक दिलेत ते विचारतो. दहा जणांचे चेक एकत्र ठेवले, की हेतू आपोआप बोलू लागतो.

इथे सावधगिरीचं बोलणं आवश्यक आहे, आणि मी ते स्पष्ट शब्दांत बोलणार आहे. अमिरातीत गुन्हेगाराचा शोध घेणारा फिर्यादी एका चुकीने स्वतः आरोपी होऊ शकतो. २०२१ चा ३४ क्रमांकाचा सायबर गुन्ह्यांचा कायदा जानेवारी २०२२ पासून लागू आहे. इंटरनेटवर कोणाचा अपमान केला तर अडीच लाख ते पाच लाख दिरहम दंड आणि कैदही होऊ शकते. परवानगीशिवाय कोणाचा फोटो काढून पसरवणं, बोलणं ध्वनिमुद्रित करणं, हाही स्वतंत्र गुन्हा आहे. आपल्याकडे फसवणारा सापडला की पहिला विचार मनात येतो तो ‘याचा फोटो सगळ्या ग्रुपवर टाका’. भारतात हे सहज खपून जातं. शारजात किंवा अबुधाबीत तेच केलं तर ठकाचा वकील तुमच्याविरुद्ध तक्रार घेऊन उभा राहतो आणि तुमच्यावर प्रवासबंदी लागू शकते. पैसे गेले, नोकरी गेली, आणि आता घरीही जाता येत नाही. दोहाच्या प्रकरणातल्या त्या बापाच्या हाती लागलेलं संभाषण मुंबईतल्या फोनवर होतं आणि तो ते घेऊन थेट तपास यंत्रणेकडे गेला. हा बारकावा लक्षात ठेवायला हवा.

आणि शोध कुठे थांबायला हवा, हाही प्रश्न आहे. १३ ऑगस्ट २००४ रोजी नागपूरच्या कस्तुरबानगरातल्या बायकांनी अक्कू यादवला न्यायालयाच्या खोलीतच ठार मारलं. वर्षानुवर्षं त्याने त्या वस्तीवर जे अत्याचार केले, ते वाचल्यावर त्या बायकांना दोष द्यायला जीभ वळत नाही. माझीही वळत नाही. पण त्या दिवशी त्या वस्तीला हवी असलेली साक्ष कायमची मिटली. कोणत्या पोलिसाने त्याला पाठीशी घातलं, कोणी त्याला जामिनाची वाट दाखवली, हे त्याच्या तोंडून यायची शक्यता त्याच्याबरोबरच गेली. मेक्सिकोत मिरियम रॉड्रिगेझ नावाच्या आईने दुसरी वाट धरली. मुलीला पळवून मारणाऱ्या टोळीतला एकेक माणूस तिने वेश बदलून, खोटी ओळख सांगून हुडकला आणि पोलिसांच्या हवाली केला. दहा जणांपर्यंत ती पोहोचली. १० मे २०१७ रोजी, तिथल्या मातृदिनी, तिच्या घराबाहेर तिला गोळ्या घातल्या गेल्या. तिचं धैर्य अफाट होतं. पण ज्या देशात आईला हे एकटीने करावं लागतं, तिथे तिच्या मागे कोणीच उभं नव्हतं, हेही तितकंच खरं. आपल्या माणसांनी तिच्यासारखं व्हावं, असं मला मुळीच वाटत नाही. त्यांना तसं व्हायची वेळ येऊ नये, असं वाटतं.

मग माणसाने करायचं काय? यावर मला सांगण्यासारखं आहे ते अगदी साधं, कंटाळवाणं वाटेल इतकं साधं. फोन बदलू नका, विकू नका, दुरुस्तीला देऊन त्यातलं सगळं पुसून घेऊ नका. स्क्रीनशॉट हा पुरावा नव्हे, पुराव्याची आठवण आहे. या बाबतीतला आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा मोठा निकाल जालन्याच्या एका निवडणुकीतून आलेला आहे. अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यातला वाद, निकाल १४ जुलै २०२०. उमेदवारी अर्ज वेळ टळल्यावर दाखल झाला का, हे दाखवणारं चित्रीकरण पुरावा म्हणून घ्यायचं की नाही, हा तिथला प्रश्न होता. न्यायालयाने सांगितलं, की मूळ यंत्र समोर आणलं तर वेगळी गोष्ट. नक्कल देणार असाल तर ठरलेलं प्रमाणपत्र जोडलंच पाहिजे. आज तीच तरतूद नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. शारजात अडकलेल्या मुलीच्या सुटकेचा आणि जालन्यातल्या उमेदवारी अर्जाचा काही संबंध असेल, असं कोणाच्या स्वप्नातही येणार नाही. पण आईच्या फोनवरचा पहिला मेसेज न्यायालयात टिकणार की नाही, हे याच निकालावरून ठरतं.

दुसरी साधी गोष्ट म्हणजे तारखांची वही. परेरांचं प्रकरण असो की दोहाचं, पोलिसांपुढे जे टिकलं ते क्रमवार सांगितलेलं. दुःखातला माणूस शेवटापासून बोलायला लागतो, ‘माझी पोर तुरुंगात आहे हो’ इथून. समोरच्या अधिकाऱ्याला मात्र पहिला मेसेज कधी आला ते हवं असतं. आपल्या दुःखाला तारखा घालणं हे क्रूर काम आहे. मी अशा काही माणसांना ते करताना पाहिलं आहे: घरातल्या कॅलेंडरवर, कालनिर्णयाच्या चौकोनात, दूध आणि गॅस सिलिंडरच्या नोंदींच्या शेजारी पेनाने बारीक लिहिलेलं ‘आज कॉन्सुलेटचा फोन’.

आणि तिसरी गोष्ट, जी मला स्वतःला सर्वांत जड जाते. आखाताला निघालेल्या माणसाची बॅग कधीच त्याच्या एकट्याची नसते. कोकणात हे ज्याने पाहिलं आहे त्याला वेगळं सांगायला नको. कोणाचा सुका बांगडा, कोणाचं आगळ, कोणाच्या लेकीसाठी मेतकूट, कोणाच्या नवऱ्याची औषधं. ‘एवढंसं तर आहे, जागा होईल’ म्हणत शेजारीण पिशवी पुढे करते आणि नाही म्हणणं हा उद्धटपणा ठरतो. या देवाणघेवाणीवर पन्नास वर्षं आखातातली मराठी घरं उभी आहेत. बंद पुडकं उघडून पाहिल्याशिवाय नेऊ नका, असं मी लिहितो तेव्हा त्या विश्वासावर घाव घालतो आहे याची मला जाणीव आहे. पण दोहात त्या जोडप्याला ज्या पुडक्याने गिळलं ते घरच्याच माणसाने दिलेलं होतं. औषधांचं तर आणखी अवघड: आपल्याकडे साध्या दुकानात मिळणाऱ्या काही गोळ्या तिथे नियंत्रित यादीत आहेत आणि त्यांना डॉक्टरांची चिठ्ठी व आगाऊ परवानगी लागते. तेव्हा पुडकं उघडा, शेजारणीच्या समोर उघडा, तिला वाईट वाटलं तरी उघडा. तिला नंतर समजावता येईल.

राहिली ती घरच्यांची किंमत. माग काढणारा माणूस नोकरीवर जाऊ शकत नाही. नातेवाईक आधी येतात, मग येईनासे होतात. अमली पदार्थांचं प्रकरण म्हटलं की ‘काहीतरी असेल म्हणूनच’ ही कुजबुज सुरू होते. ती सोसायटीच्या जिन्यात ऐकू येते. आपली मुलगी निर्दोष आहे हे शारजाच्या न्यायाधीशाला पटवायचं आणि त्याच वेळी तिसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यालाही, अशी दुहेरी लढाई असते. या पुस्तकातल्या हकिकती वाचताना वाचकाने त्या शेजाऱ्याच्या जागी स्वतःला एकदा उभं करून पाहावं, एवढी माझी विनंती आहे.

क्रिसन परेरा २६ एप्रिल २०२३ रोजी तुरुंगातून बाहेर आली. इकडे दोघांना अटक झाल्याला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. त्या संध्याकाळी तिने घरी व्हिडिओ कॉल केला, आणि भावाने टाकलेल्या त्या चित्रफितीत आई फोनच्या पडद्यासमोर रडत रडत उड्या मारताना दिसते. पण ती लगेच घरी आली नाही. कागद व्हायचे होते, पासपोर्ट हाती यायचा होता, प्रकरण तिथल्या दफ्तरी रीतसर बंद व्हायचं होतं. मे गेला, जून गेला, मुंबईत पाऊस लागला. बोरिवलीच्या घरात फाईल अजून टेबलावरच होती. ऑगस्टमध्ये ती परतली.